चौथी प्रत

४ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं, मोजे आले आणि मोज्यात कोंबलेली साखरेची पुडीही आली. पत्रतपासणीतल्या माणसाने पुडी उघडून, चाखून, परत दोरा बांधून पाठवली आहे. त्याला साखर आवडली असावी, कारण पुडी अर्धीच उरली आहे.

तू विचारलंस, संयुक्त मुख्यालय म्हणजे नेमकं काय असतं. ही एक जुनी विमा कचेरी आहे, चार मजली. आमचे लोक डाव्या जिन्याने चढतात, तुमचे उजव्या जिन्याने. शत्रू एक, नकाशे एक, चहाची खोलीही एक. पण किटल्या दोन, आणि दोन्ही किटल्यांवर डोळ्यात तेल घालून पहारा. अशी ही दोस्ती. नकाशाखोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पाच कलती टेबलं, पाच आरेखक. माझं टेबल खिडकीजवळ, त्यामुळे उजेड चांगला आणि मान कायमची वाकडी.

दुभाषेकाका रोज तुझी चौकशी करतात. तेच, साठीचे, खोकणारे, दोन्ही बाजूंच्या साहेबांच्या मधे खुर्ची टाकून बसणारे. कामावर लागताना मोठ्या साहेबांनी फॉर्म भरून घेतला होता, त्यात 'परदेशी नातेवाईक' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'एक मावशी, दोस्तराष्ट्रात. सात ते सतरा वर्षं तिच्या घरी वाढले. आईच्या जागी.' साहेब म्हणाले होते, 'आईच्या जागी वगैरे लिहायची गरज नव्हती.' काका अजून त्यावर हसतात.

आता कामाचं. मावशी, तू माझ्याकडे राहायला ये. चार-सहा महिन्यांसाठी. माझी खोली लहान आहे, पण खाट आणखी एक मावते. मनगट दुखतं, स्वयंपाक होत नाही. उन्हाळा लागायची वाट बघू नकोस, याच महिन्यात ये.

तुझी,
रेघोटी

१२ मार्च

रेघोटीबाई,

पाकीट पुन्हा उघडलेलं. एकतीस वर्षं पोस्टमास्तरीण होते, मला कळत नाही होय? तुझा डिंक कडेला पिवळा पडतो, त्याच्यावर यांनी पांढरा फासलाय. तपासनीसबुवा, वाफ जरा लांबून देत जा, शाई फुटते. आणि साखर पोरीसाठी होती.

तुझं 'ये ये' वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मनगट दुखतं म्हणून मावशीला सीमेपलीकडून बोलावतात? कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. कोण आहे तो? काय करतो? माझ्यासमोर उभा करायचा असेल तर तसं सरळ लिही. मला आधी त्या दुभाष्याचाच संशय आला होता, पण साठीचा म्हणालीस तेव्हा जीव भांड्यात पडला.

मी आत्ता कशी येऊ? बटाटे नुकतेच लावलेत. कोंबड्या आहेत. माझ्या जागी पोस्टात जो नवा आलाय त्याला शिक्का सरळ मारता येत नाही, दिवसाआड मला हाका मारतो. शिवाय बाहेर पडायचं म्हणजे नदी ओलांडायची. गिरणीच्या वरचा पायपूल वाहून गेला तो आता गिरणीच्या खालच्या अंगाला बांधलाय, हे तुला लिहिलंच होतं. बांधलाय कसला, लटकवलाय. एका वेळी एकच माणूस. आमची बेकरीवाली पुलावर आली की दोन्हीकडच्या लोकांनी चहा पिऊन यावं.

मनगटाला गरम तेल लाव आणि मुकाट्याने त्याचं नाव कळव.

तुझी मावशी

२० मार्च

मावशी,

कुणीही नाही. थट्टा पुरे.

मला बरं नाही. चार दिवस ताप आहे, डॉक्टर म्हणाले घरचं माणूस जवळ असलेलं बरं. बटाटे कुणाला तरी सांग, कोंबड्या बेकरीवालीला दे. तू एकदा हट्टाला पेटलीस की कुणाचं ऐकत नाहीस, हे मला माहीत आहे. पण या खेपेला ऐक. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

इथेही वातावरण बरं नाही. आमच्याकडच्या गोष्टी तुमच्याकडे जातात अशी बोलवा आहे. डाव्या जिन्यावर कुलूप आलं, प्रत्येक नकाशावर क्रमांक आला, घेताना सही, देताना सही. आमचे लोक तुमच्या लोकांसमोर हसतात आणि पाठ फिरली की खिसे चाचपतात. काका म्हणतात, शत्रूशी लढणं सोपं, त्याच्याबरोबर चहा तरी प्यावा लागत नाही.

ये. तारीख कळव, मी स्टेशनवर येते.

रेघोटी

२८ मार्च

बाई गं,

पत्र वाचून काळजात धस्स झालं. मग पुन्हा वाचलं आणि रागच आला. ताप असला की तुझं अक्षर उजवीकडे घसरतं. लहानपणापासूनचं आहे. हे पत्र ओळंब्याने लिहिल्यासारखं सरळ. मावशीला थापा मारायला अजून बराच सराव लागेल तुला.

पण 'आजवर काही मागितलेलं नाही' हे वाक्य टोचलं. खरंच मागितलेलं नाहीस. नवा फ्रॉकसुद्धा मीच ओळखून शिवायची. तेव्हा येते मी. बटाटे काढले की, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तोवर जे काही लपवते आहेस ते तोंडावर सांगायची तयारी कर.

तुझी मावशी

८ एप्रिल
टेकडीवरची शाळा

रेघोटी,

घर गेलं. मी आहे.

एक तारखेला आमच्या सैन्याचा एक कप्तान आला. दारोदार फिरून सांगत होता, तीन दिवसांत सगळ्यांनी टेकडीवर जायचं. कारण विचारलं तर ओठ शिवलेले. कुरकुर करत निघालो. एका वेळी एक, त्या पुलावरून. चारशे माणसं, बकऱ्या, शिलाई यंत्रं, एक म्हातारा खाटेसकट. अडीच दिवस लागले. पाच तारखेला सकाळी वरून पाहिलं तर ███████████████████████████ खोरं भरत चाललेलं. आवाज फारसा नव्हता. गिरणी गेली, पोस्ट गेलं. माझ्या घराचं कौलारू छप्पर थोडा वेळ दिसत होतं, मग तेही दिसेना. शेजारीण रडायला लागली तर मी तिलाच दटावलं. मग शाळेच्या मागे जाऊन रडून घेतलं.

एकही माणूस गेलं नाही. एकही नाही, पोरी. कुणीतरी आधी सांगितलं म्हणून.

रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतं आहे. तुझं ते 'ये ये', तो खोटा ताप. जास्त लिहीत नाही. मला सगळं कळलं. जन्मभर तुझे पाय धुतले तरी फिटणार नाही. आता इथे सगळे तुझं नाव घेतात.

तुझ्याकडून पत्र का नाही?

मावशी

२४ एप्रिल

आदरणीय बाई,

मी पत्रतपासणी विभागातील कारकून आहे. आपण मला तपासनीसबुवा म्हणता. हे पत्र लिहिणे नियमात बसत नाही आणि ते मी स्वतःच तपासून पाठवत आहे, हेही बसत नाही.

आपली भाची तेरा तारखेपासून इमारतीतच एका खोलीत आहे. तब्येत ठीक आहे. खिडकी आहे, दोन वेळा जेवण आहे. खोरे पाण्याखाली जाणार ही गोष्ट आपल्या सैन्याला वेळेआधी कळवल्याचा तिच्यावर आरोप आहे. आमच्या एका माणसाने आपल्याकडच्या मुख्यालयात नकाशा पाहिला. तो मूळ नकाशावरून घेतलेला दिसतो, आणि मूळ नकाशा फक्त मोठ्या साहेबांनी आणि तिने हाताळलेला होता.

दोन वर्षे मी आपल्या दोघींची पत्रे वाचतो. तिने एकदाही गुपित लिहिले नाही, हे मी लेखी दिले. साहेब म्हणाले, तीन वेळा 'ये' लिहिले हेच पुरे आहे. आणि आपल्या आठ तारखेच्या पत्रातले 'मला सगळं कळलं' हे वाक्य त्यांच्या टेबलावर तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले आहे. ते पत्र मी पुढे पाठवायला नको होते. कर्तव्य म्हणून पाठवले. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

साखर मी खाल्ली नव्हती. पुडी फाटलेलीच आली होती.

आपला,
तपासनीस

१ मे

तपासनीसबुवा,

चूक तुमची नाही, माझी. एकतीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळली, कुठल्या कागदावर काय लिहू नये हे मी लोकांना शिकवायची, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा पोरीला लिहिता लिहिता भान राहिलं नाही. माझ्या एका ओळीने तिचा गळा कापला.

तुमच्या साहेबांना सांगा, म्हातारीचं डोकं पुराने फिरलंय, काहीबाही लिहिते. ऐकणार नाहीत, माहीत आहे. तरी सांगा. हवं तर मला बोलवा, मी येऊन त्यांच्यासमोर उभी राहते.

सोबत एक शाल आहे. खिडकी म्हणालात, म्हणजे वारा असेल. तिला म्हणावं, मावशी रागावलेली नाही, मावशीची मान ताठ आहे.

तुम्ही जेवत जा.

तिची मावशी

१४ मे

प्रिय मावशी,

सुटले. शाल मिळाली, निरोपही मिळाला. तुझी मान ताठ आहे हे ऐकून दोन दिवस शालीत तोंड खुपसून पडले होते. का, ते आता सांगते.

हे पत्र मोठ्या साहेबांनी वाचलं आहे. म्हणाले, 'यातलं आता काहीच गुपित राहिलं नाही, दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत येऊन गेलं. लिही काय लिहायचं ते.'

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं, शपथ घ्यायला लावली आणि एका नकाशावर पाण्याची रेघ ओढायला दिली. धरणाचे दरवाजे उघडले तर खोऱ्यात पाणी कुठवर चढेल, त्याची रेघ. शत्रूच्या गाड्या तिथून येणार होत्या, त्यांना अडवायचं होतं. रेघेच्या आतला भाग निळ्या शाईने भरायचा. तुझं गाव मला शोधावं लागलं नाही. पोस्ट, बेकरी, गिरणी, मग तुझं घर. हात अडखळलासुद्धा नाही मावशी, सवयीने भरत गेला. तुमच्या सैन्याला सहा तास आधी कळवायचं ठरलं होतं, कारण तुमच्या लोकांच्या पोटात काही राहत नाही असं आमचे लोक म्हणतात. तुमचे लोक आमच्याबद्दल हेच म्हणतात. सहा तास, चारशे माणसं आणि तो पूल. हे गणित मी त्याच दिवशी केलं होतं. मग तुला पत्र लिहिलं, मनगट दुखतं म्हणून.

पुढे त्या नकाशाच्या पाच प्रती काढायच्या होत्या, पाच वेगवेगळ्या लोकांसाठी. फितूर कोण ते पकडायला साहेबांनी प्रत्येक प्रतीच्या कच्च्या खर्ड्यात एकेक चूक मुद्दाम पेरली. कुठे विहीर सरकवली, कुठे वाट वळवली. ज्याची चूक पलीकडे सापडेल तो चोर. आम्हा आरेखकांना यातलं काही माहीत नव्हतं; प्रत्येकाला एक खर्डा शाईने पक्का करायला दिला. माझ्या वाट्याला चौथी प्रत आली. तिच्यात तुझा पायपूल गिरणीच्या वरच्या अंगाला होता.

मला वाटलं, खर्डा काढणाऱ्याची नजरचूक. उद्या कुणी हा नकाशा हातात धरून माणसं बाहेर काढायला गेलं तर पूल नाही तिथे जाऊन उभं राहील. मी पूल खाली घेतला आणि कुणाला काही बोलले नाही. चुकीची रेघ बाहेर सोडायची नाही, ही आमच्या धंद्याची खोड. तुझ्यासाठी माझ्या हातून झालं ते इतकंच.

तुमच्याकडे जो नकाशा सापडला त्यात एकही चूक नव्हती. साहेबांनी साहजिकच धरलं, हा मूळ नकाशावरून गेला. मूळ नकाशा पाहिलेले दोघं, त्यातल्या एकीची मावशी पलीकडे. चौकशीत साहेबांनी पेरलेल्या चुकांचं सांगितलं तेव्हा मला मात्र पहिल्याच दिवशी उलगडा झाला. बिनचूक नकाशे दोन होते. चौथी प्रत दुभाषेकाकांकडे गेली होती, गावांची नावं तुमच्या भाषेत घालायला.

'चौथ्या प्रतीतला पूल मी दुरुस्त केला' एवढं म्हटलं असतं तर मी त्याच क्षणी सुटले असते आणि काका अडकले असते. मी म्हटलं नाही. शूर वगैरे म्हणू नकोस. तोंड उघडवेना, इतकंच.

काका तेव्हा आघाडीवरच्या कचेरीत गेले होते. परत आले त्या दिवशी त्यांना माझ्याबद्दल कळलं. टोपी न काढता सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. 'पोरीला सोडा. नकाशा मी दाखवला. चाळीस वर्षं मला एकच काम येतं साहेब, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचवायचं. मधेच गिळायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही.' मग खुर्चीत बसून खोकत राहिले. पाणी साहेबांनीच दिलं. तुमच्या सेनापतींनी निरोप धाडला की या माणसाला शिक्षा झाली तर युती मोडली समजा. म्हणून काकांना नुसतं घरी पाठवलं. त्यांची खुर्ची अजून दोन साहेबांच्या मधे आहे, रिकामी.

आता खरं सांगते. सगळं मुख्यालय म्हणत होतं, हिने मावशीपायी देशाशी बेइमानी केली. तुझं गाव म्हणतं, हिने आमचे जीव वाचवले. मावशी, मी दोन्ही केलं नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. 'पाणी येतंय, पळ' असं लिहिता आलं असतं. तपासणीत पकडलं गेलं असतं, पण लिहिलं तरी असतं. मी तापाची थाप मारली आणि तू मे महिन्यात येते म्हणालीस. काकांनी तुला कधी पाहिलंही नाही. तुझा जीव त्यांनी वाचवला.

परवा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. 'एकनिष्ठ' म्हणाले. तेव्हा मला जितकी लाज वाटली तितकी त्या बंद खोलीतही वाटली नव्हती.

माझं नाव घेऊ नका म्हणून सांग सगळ्यांना.

रेघोटी

२७ मे
टेकडीवरची शाळा

पोरी,

तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि दोन दिवस उशाखाली ठेवलं. बेकरीवालीने काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

तुला वाटत असेल, मावशी लिहील, जाऊ दे गं, झालं गेलं. नाही लिहीत. राग आला. अजून आहे. मी तुला बटाट्यांचं कौतुक सांगत होते आणि तुला माहीत होतं की ते मी काढणार नाही. हे आठवलं की अंगाची आग होते.

आणि शपथ म्हणजे काय ते मला समजावू नकोस. कुणाचा मुलगा लढाईत गेला हे मला पाकिटावरूनच कळायचं, आणि त्याची आई खिडकीशी उभी राहून हवापाण्याचं बोलायची. मीही हवापाण्याचंच बोलायची, तिचं पाकीट तिच्या हातात पडेपर्यंत. म्हणून तर जास्त जळले. तू का बोलली नाहीस हे कळलंच नसतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. कळतंय, हीच पंचाईत आहे.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना शाळेच्या अंगणात बोलावलं. इथे लोक तुझ्या गोष्टी सांगत होते, खऱ्याला आणखी मीठ लावून. तसं चालू देणं मला जमेना. पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग गिरणीवाला म्हणाला, 'म्हणजे तुमच्या भाचीने काहीच केलं नाही?'

म्हटलं, 'काही केलं नाही. तिने मला सांगितलं नाही. पण सांगितलं नाही हेही तिनेच सांगितलं. गप्प राहिली असती तर तुम्ही तिला जन्मभर डोक्यावर घेऊन नाचला असता, आणि मी सगळ्यांच्या पुढे.'

गिरणीवाल्याची बायको म्हणाली, 'इतके दिवस कोंडून ठेवलं तरी त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं नाही पोरीने.' मग सगळ्यांनी मिळून तुझ्या काकांना पत्र लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे उठवले. तपासनीसबुवा, ते याच पाकिटात आहे, त्यांच्या घरी पोचवा. काळं काही फासू नका.

आता ऐक. पाणी उतरलंय. गावाच्या जागी गुडघाभर गाळ आहे आणि भांडणं आहेत. कुंपणं गेली, बांध गेले, कुणाचं अंगण कुठे संपत होतं हे सांगायला एक दगड जागेवर नाही. गिरणीवाला आणि बेकरीवाली, ज्यांनी एकाच सतरंजीवर पूर काढला, ते काल एका भिंतीवरून हमरीतुमरीवर आले. सरकारचा मोजणीदार येईल तेव्हा येईल. तोवर एकमेकांची डोकी फुटतील.

तू या गावात दहा वर्षं अनवाणी हिंडलीस. कुणाच्या भिंतीवरून उडी मारता येते आणि कुणाच्या नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. माझं नाव सांगून रजा माग. साहेब एकनिष्ठ म्हणाले ना, मग देतील. मोठा कागद आण, चांगल्या निबा आण आणि इथे बसून सगळं गाव होतं तसं परत काढून दे. पहिलं घर माझं काढ. त्यात बसून मी तुझ्यावर रागावणार आहे, पोटभर, त्यामुळे कपडे जरा जास्तच आण.

शाई कुठलीही चालेल. फक्त निळी आणू नकोस.

तुझी मावशी